संस्कृतीच्या मरणाची वर्दी

राजेश्वरी दरेकर हिरडवाडीची पोलीस पाटील झाली, त्याला कारण मुक्ताबाई. पद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा दहावी झालेल्या बायका गावात मोजक्याच होत्या, आणि परीक्षेला बसायची हिंमत एकीलाही होईना. राजेश्वरीच्या पदरी तर दोन लहान पोरं. शेजारच्या मुक्ताबाईनं तिला जवळजवळ ढकललंच. "जा गं, बस परीक्षेला. पोरं मी बघते," ती म्हणाली, आणि खरोखरच वर्षभर तिनं ती सांभाळली. मुक्ताबाई लवकर विधवा झालेली. ज्ञानेश्वर हा एकुलता एक मुलगा तिनं उसाच्या चार एकरांवर वाढवला होता. राजेश्वरी तिला आक्का म्हणायची, सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त मानायची.

पद मिळालं तेव्हा चोऱ्यामाऱ्यांच्या मागं धावावं लागेल असं राजेश्वरीला वाटलं होतं. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला आली ती मढी. कुणी विहिरीत सापडायचं, कुणी उसाच्या ट्रॅक्टरखाली, कुणी फवारणीचं औषध पिऊन पडलेलं असायचं. श्रीगोंद्याहून पोलीस येईपर्यंत प्रेताजवळ उभं राहायचं, कुणाला हात लावू द्यायचा नाही, पंच गोळा करायचे, हे तिचं काम. पहिल्या वेळी ती बांधाआड जाऊन ओकली होती. पुढं ओकारी येईनाशी झाली, आणि त्याचंच तिला वाईट वाटायचं.

ज्ञानेश्वरचं लग्न झालं आणि पारनेरकडची संस्कृती सून म्हणून आली. शेलाटी, हसरी पोर. पण तिला काम झेपायचं नाही. गवताचा भारा डोक्यावर घेऊन निघाली की अर्ध्या वाटेत खाली टाकून बसायची. एकदा राजेश्वरीला ती तशी बसलेली दिसली. ओठ जांभळट पडलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"काय होतंय गं?"

"काही नाही काकी. जरा दम लागला."

"डॉक्टरला दाखवलंस का?"

"आई म्हणतात, सवय झाली की जाईल."

आक्काशी एकदा बोलावं असं राजेश्वरीच्या मनात आलं. पण दुसऱ्याच्या सुनेच्या बाबतीत आपण कशाला तोंड घालायचं, आक्काला राग यायचा, असं म्हणून तिनं विषय मनातच ठेवला. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत. भिंतीपलीकडून आक्काचा आवाज अधूनमधून चढायचा, "लई नाटकं करती ही पोरगी," आणि मग भांडी आदळल्याचा आवाज यायचा. हे तर घरोघरी असतंच, असं ती स्वतःला सांगायची.

उसाची तोड चालू होती त्या दिवसांत एका संध्याकाळी पलीकडं जरा जास्तच आरडाओरडा झाला. त्यात ज्ञानेश्वरचाही आवाज होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काचे दीर काकासाहेब राजेश्वरीच्या अंगणात येऊन उभे राहिले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"सून गेली आमची," ते म्हणाले. "झोपंतच गेली. माहेरी फोन केलाय, त्ये आले की लगेच उरकू. तू पोलीस पाटील म्हणून न्हाई, शेजारीण म्हणून चल."

राजेश्वरी गेली. संस्कृतीला खाली निजवली होती, अंगावर पांघरूण होतं. तोंडावरचं पांघरूण राजेश्वरीनं बाजूला केलं. कानाच्या वर, केसांच्या कडेला काळानिळा वण सुजून आला होता.

"आक्का, हे काय?"

"न्हाणीत पडली की पहाटंच," मुक्ताबाई म्हणाली.

काकासाहेब तर झोपेत गेली म्हणाले होते. राजेश्वरीनं वर पाहिलं. ज्ञानेश्वर भिंतीला टेकून बसला होता आणि कुणाकडंच बघत नव्हता. कालचा आरडाओरडा तिच्या कानात पुन्हा घुमला. एवढ्या मढ्यांजवळ उभी राहिलेली बाई ती. तिच्या मनानं तिथल्या तिथं निवाडा करून टाकला.

"आक्का, वर्दी द्यावी लागंल," ती हळूच म्हणाली.

"कुनाची वर्दी? माझ्या ज्ञानाची?"

"लग्नाला सात वर्षं झाली न्हाईत. असं मरण झालं तर तहसीलदारांसमोर पंचनामा करावा लागतो, कायदाच हाय तसा."

"कायदा मला नगं सांगू." मुक्ताबाईनं तिचं मनगट धरलं. "तुझी पोरं या मांडीवर वाढली. तुझ्याकडं कधी काही मागितलं का मी? आज मागते. फकस्त गप बस."

राजेश्वरीनं हात सोडवून घेतला, बाहेर आली आणि ठाण्याला फोन लावला. कायदा तर होताच. पण खरं सांगायचं तर कायद्यासाठी तिनं फोन केलाच नव्हता. पोरानं बायको मारली आणि आई झाकतेय, अशी तिची खात्री झाली होती.

पुढचं सगळं तिच्या हातात राहिलं नाही. पंचनामा झाला, प्रेत शवविच्छेदनासाठी नगरला गेलं. माहेरची माणसं परस्पर तिकडं पोचली, पोरीचा वण बघून त्यांचा तोल गेला. त्यांनी सासू आणि नवरा दोघांच्या नावानं फिर्याद दिली. ज्ञानेश्वरला पोलिसांनी उचललं. मुक्ताबाईला वकिलानं जामीन मिळवून दिला, तोवर तिला काकासाहेबांनी मळ्यात लपवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ॲम्ब्युलन्स आली ती स्मशानाकडं वळलीच नाही. मुक्ताबाईच्या दारात थांबली. मागून दोन टेम्पो भरून माणसं उतरली. दार फुटलं, टीव्ही अंगणात येऊन पडला, ट्रॅक्टरचे दिवे फुटले. फोडलेल्या दाराच्या फळ्या, घरातली बाज, गोठ्यातली लाकडं, सगळं रचून अंगणातच चिता उभी राहिली. राजेश्वरी आडवी गेली. "अहो, असं करू नका, पोरीची विटंबना होतीय," ती ओरडत राहिली. एक दगड तिच्या खांद्यावर बसला. आलेले दोन पोलीस जीपजवळच उभे राहिले. संस्कृतीच्या वडिलांनी अग्नी दिला आणि ते तिथंच मातीत बसले. जाळ चौकटीपर्यंत चाटत गेला. मळ्यातून मुक्ताबाईला धूर दिसत होता, असं पुढं काकासाहेबांनी सांगितलं.

नंतर मुक्ताबाई त्याच घरात परतली. दाराला पत्रा ठोकून घेतला. राजेश्वरी समोर दिसली की ती आत वळायची. एकटीच पाणी भरायची, एकटीच उसाला जायची. कोर्टाच्या तारखेला मुलाला भेटायला डबा घेऊन जायची, तेव्हाही एसटीत राजेश्वरी बसलेली असली तर पुढच्या गाडीची वाट बघायची.

शवविच्छेदनाचा शेवटचा अहवाल यायला पुढचा गळीत हंगाम उजाडला. ठाण्यातले फौजदार सुहास यांनी राजेश्वरीला बोलावून घेतलं.

"बाई, त्या पोरीला कुणी मारलेलं नाही," ते म्हणाले. "हृदयाची झडप अरुंद झाली होती, हृदय सुजून मोठं झालेलं. अंघोळीला उठली आणि तिथंच कोसळली. डोक्याला लागलं ते न्हाणीच्या दगडाचं. विषाचाही काही अंश नाही. पोरगा सुटेल."

"मग काकासाहेब झोपेत गेली का म्हनाले?"

"त्यांना वाटलं, पडली म्हटलं तर लोक संशय घेतील."

"साहेब, आधी कळलं असतं तर?"

"मी विचारलं डॉक्टरांना. त्याचं ऑपरेशन होतं म्हणे, सरकारी योजनेतसुद्धा. बऱ्याच बायका पुढं चांगल्या जगतात." सुहास यांनी फाईल मिटली. "तुम्ही तुमचं काम केलंत. मनाला लावून घेऊ नका."

दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपण सांगावं म्हणून ती थेट मुक्ताबाईकडं गेली. मुक्ताबाई ओट्यावर बाजरी निवडत होती. या वेळी ती उठली नाही. राजेश्वरीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"म्हनजे माझ्या पोरानं मारली न्हाई," मुक्ताबाई म्हणाली.

"न्हाई, आक्का."

"हे मी त्याच दिवशी सांगितलं हुतं."

"व्हय."

मुक्ताबाईची बोटं सुपात थांबली. "दम लागायचा तिला. त्या संध्याकाळी मोळ्या उचलंना, म्हनून मी बोलले. ज्ञानाबी बोलला. नाटकी म्हनले मी तिला."

"मलाबी दिसलं हुतं, आक्का. मीबी तोंड उघडलं न्हाई."

मुक्ताबाईनं विचारलं, "दवाखान्यात नेली असती, तर वाचली असती का?"

इतक्या वर्षांत राजेश्वरीनं कुठल्याही साहेबापुढं काही लपवलं नव्हतं. आता मात्र तिनं नजर खाली घातली. "सांगता येत न्हाई, आक्का."

मुक्ताबाई तिच्याकडं बघत राहिली. तिला जे कळायचं ते कळलं.

"खोटं बोलायला तू लई उशीर केलास," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

ज्ञानेश्वर सुटला. पण गावात तो रमेना. भिंतीवरचे जाळाचे डाग त्यानं चुन्यानं झाकले, तरी अंगणातून जाताना तो कडेकडेनं जायचा. संस्कृतीचे वडील एकदा काकासाहेबांकडं येऊन गेले. लहानपणी पोरीला ताप यायचा, सांधे सुजायचे, त्यातूनच हृदय बिघडलं म्हणे. आम्ही गंडा बांधून गप्प बसलो, असं म्हणून ते ढसाढसा रडले. ज्ञानेश्वरला भेटायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही. ज्ञानेश्वरनं राहात्याला डाळिंब-पेरूचा टेम्पो चालवायला घेतला. दुसऱ्या लग्नाची गोष्ट कुणी काढली नाही.

राजेश्वरीनं पद सोडलं नाही. गेल्या हिवाळ्यात खालच्या आळीत एका पोरीनं फास घेतला. तिच्या सासऱ्यानं राजेश्वरीचे पाय धरले. तिनं फोन केला. त्या पोरीच्या अंगावर मात्र मारल्याच्या खुणा खरोखरच निघाल्या. घरी आल्यावर तिचा नवरा वाल्मिक म्हणाला, "बघ, तुझं बरोबरच असतंय." ताट समोर आलं तरी तिला जेवण गेलं नाही.

या उन्हाळ्यात ज्ञानेश्वर आईला न्यायला आला. जमीन काकासाहेबांना खंडानं कसायला दिली होती. गाठोडी टेम्पोत चढली, मुक्ताबाई पुढच्या सीटवर बसली. राजेश्वरी दारातून धावत बाहेर आली.

"काकी, येतो," ज्ञानेश्वर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसेना.

"आक्का..." एवढंच राजेश्वरीच्या तोंडून निघालं. मुक्ताबाई समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होती. टेम्पो सुरू झाला, फाट्याकडं वळला. धूळ खाली बसेपर्यंत राजेश्वरी तिथंच उभी होती, आणि काय बोलायचं होतं ते तिला अजूनही सुचलेलं नाही.