कौसानं निवडलेली यादी

माझी बायको कौसा गेली हे जावयानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी बीडच्या दवाखान्यासमोर रिक्षातून उतरत होतो. हातात तिच्यासाठी पेज होती... सव्वा महिना झाला. माणसं येतात, "काकूंनी लई मोठं काम केलं" म्हणतात, चहा पिऊन जातात. कोणतं काम, हे एकालाही सांगता येत नाही. म्हणून मीच लिहितो. चौथी शिकलोय, चुकलं तर चुकलं.

तलवाड्यात बायकांच्या शेळीपालन गटाचं ऑफिस आहे. एक खोली, कौसा धरून पाच बाया. कुणाच्या शेळीला लस, कुणाचा कागद तालुक्याला, सगळं कौसाच्या डोक्यात. दुखणं कळलं तशी म्हणाली, "माझ्यामागं हे कोण सांगंल? मोबाईलात घालायचं." मी म्हणालो, "मरायला टेकलीस अन् खेळणं घेतीस व्हय?" माझ्याएवढा गाढव तालुक्यात नसंल.

मग इस्त्रीच्या कपड्यांतले दोन साहेब सॉफ्टवेअर दाखवायला आले. रंगीत चौकोन, बाण, तक्ते. काम करण्यापेक्षा ते भरण्यातच दिवस जावा. कौसानं विचारलं, "चकलांब्याच्या गाडीला जी बसंल, ती त्या वाटंवरची सगळ्यांची कामं करती. ते कुठं दिसंल?"

"मावशी, काम माणसाच्या नावावर लावायचं असतं."

"आमच्यात आधी वाटंवर लागतंय. जी जाईल ती मग नाव लावती."

त्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि हे शिकलेले.

तिनं मोबाईलातलं सगळ्यात साधं अ‍ॅप निवडलं. नुसत्या याद्या, एकेका वाटेच्या. सलाईनच्या हातानं बायांना शिकवलं, "लिहिता येईना तर बोला, ते लिहून घेतंय." मी बाजूला बसून तोंड वाकडं करत होतो.

गेल्या आठवड्यात ऑफिसातली शकुंतला आली. "काका, चकलांब्याचं एक काम राहिलंय. काकूंचं नाव हाय, म्हणून कुणी हात लावीना." एका म्हातारीच्या करडांना जंताचं औषध. चौघींत एकीलाही धीर नाही. करडांनी काय वर्षश्राद्धापर्यंत थांबायचं? मीच एसटीनं गेलो, औषध पाजून आलो.

"आता झालं म्हणून मोबाईलात बोट लावा," शकुंतला म्हणाली.

"लावल्यावर काय होतं?"

"यादीतून निघून जातं."

"नावासकट?"

"हां, काका."

बाकीची कामं कौसानं लावून दिल्यासारखी चाललीत, एकही अडत नाही. शकुंतला मात्र यादी बघून रोज विचारते, "काका, गेलतात ना चकलांब्याला?" गेलतो. करडं ठणठणीत हायेत. बोट लावणार न्हाई.