गेट खाली, खाडी वर

करावे गावच्या सुचितानं सातवीत असताना गावाचा नकाशा काढला, तेव्हा खाडी वहीच्या अगदी तळाशी होती आणि देऊळ, शाळा, तलाव सगळं तिच्या वर. उत्तर दिशा कुठे, असं मी विचारलं. ती म्हणाली, "सर, बाबा होडीतनं उतरतात ना, तिथून घरी यायचं." तिचे वडील देवजी मासेमारी करत. मी दोन गुण कापले. तिनं नकाशा बदलला नाही. अशी ती हट्टी, पण दुसऱ्याचं शेवटपर्यंत ऐकून घेणारी.

शहाण्णव साली संगणकाचा कोर्स करून ती तुर्भ्याच्या एका मालवाहतूक कंपनीत लागली. आवारात चोवीस गाळे. आलेला ट्रक कुठल्या गाळ्याला लावायचा, हे गेटवर बसून हौसेराव ठरवत. साताऱ्याकडचा माणूस, अठरा वर्षं त्याच खुर्चीत. पूर्वी सगळं त्यांच्या डोक्यात असे. आता संगणक आला होता आणि एखादा गाळा मोकळा आहे का, हे कळायला सात वेळा बटणं दाबावी लागत. तोवर बाहेर रांग लागे. मग हौसेराव उठून स्वतःच आत बघून येत. मॅनेजरनी सांगून टाकलं होतं की सोमवारपर्यंत जमलं नाही, तर हौसेरावांना मागच्या कोठारात पाठवू आणि गेटवर शिकलेला माणूस बसवू.

सुचिताला त्यांना शिकवायला धाडलं होतं. तिनं शिकवलं नाही. तीन दिवस शेजारी स्टूल टाकून बसली आणि ते काय बघतात तेवढं बघत राहिली. मालकाचं नाव, पत्ता, तारीख यातलं त्यांना गेटवर काही लागत नव्हतं. मोकळा गाळा एका नजरेत दिसायला हवा होता. म्हणून तिनं चोवीसच्या चोवीस गाळे एकाच पडद्यावर चौकोन करून मांडले. भरलेला चौकोन हिरवा, मोकळा काळा.

शनिवारी ते चालू केलं. हौसेरावांनी पडद्यावर खालच्या ओळीत काळा चौकोन पाहिला आणि हातानं ड्रायव्हरला गेटजवळचा गाळा दाखवला. तिथे आधीच ट्रक उभा होता. दुसऱ्या ट्रकचंही तेच. तिसऱ्या वेळी तिन्ही ट्रक एकमेकांत अडकले आणि मॅनेजर ऑफिसच्या पायरीवर येऊन उभे राहिले. हौसेरावकाकांनी भलतंच बटण दाबलं असणार, असं सुचिताला वाटलं. हौसेरावांनी चष्मा पुसला आणि खालच्या ओळीतल्या बारीक आकड्यांवर बोट ठेवलं.

"हे तर मागलं गाळं. ते खाली कशापायी?"

"खाडीच्या बाजूचे ना, काका. बाबा तिकडनंच घरी येतात, म्हणून खाली."

"पोरी, तुझ्या खाडीतनं ट्रक येत्यात व्हय?"

तिनं पडद्याकडे पाहिलं, मग गेटकडे, आणि ती इतकी हसली की अडकलेले ड्रायव्हरही हसायला लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिनं सगळं उलटं मांडलं. गेट तळाशी आलं, हौसेराव बसतात तिथे. दुपारी एकही ट्रक चुकला नाही, आणि हौसेराव खुर्चीतून एकदाही उठले नाहीत.

सोमवारी मॅनेजर गेटवर येऊन बराच वेळ पडदा बघत होते. कोठाराचा विषय त्यांनी काढला नाही. फक्त वरच्या कडेला एक नागमोडी रेघ होती, ती कशाला, असं विचारलं.

हौसेरावांनी पुढच्या ट्रकला हात दाखवला आणि मान न वळवता म्हणाले, "खाडी हाय ती, सायेब. ऱ्हाऊ द्या. पोरीला घरी जायला वाट नगं का?"