भट्टीपाशी बसून ग्लोबलायझेशन

गड्यांनो, मी विट्याकडचा, शाळा आठवीपर्यंत. कोईमतूरला मामांच्या गलाईच्या दुकानात जुनं सोनं गाळून शुद्ध करतो.

आज ऑनलाइन इंग्रजी क्लासात ग्लोबलायझेशनवर बोलायचं होतं. जमलं तरच वरच्या बॅचला घेणार होते. मी पाठ केलेली व्याख्या सुरू केली, तर मॅडमनी थांबवलं. "तुझ्या गावाचं सांग."

मी मामांकडं बघितलं. भट्टीपाशी बसलेले मामा म्हणाले, "आरं, गावच्या जत्रेला मुलूखभरनं येणारी आपली गलाईवाल्यांची पोरं भांडत्यात, एक तमिळमधनं, दुसरं मल्याळममधनं. ते सांग की!"

सांगितलं. लय अडखळलो, पण मॅडम हसून प्रश्न विचारत गेल्या आणि मी बोलत गेलो.

घेतलं वरच्या बॅचला!

पुढचा विषय हाय, माणसं गाव का सोडतात. ह्याचं उत्तर मला मराठीतबी नीट देता येत न्हाई. तुमी काय सांगाल?