'कळलं नाही' हा पर्याय

"साहेब, यात 'कललं नाय' असं कुठं लिवायचं?"

उरणजवळच्या बंदराच्या गेटवर ऑपरेटर दमयंतीताई पाटील माझ्या नमुना स्क्रीनकडे बघत होत्या.

मी सिस्टिम अ‍ॅनालिस्ट. सॉफ्टवेअर बनण्याआधी वापरणाऱ्यांना काय हवं ते विचारून लिहून काढणं, हे माझं काम. त्याला रिक्वायरमेंट म्हणतात. ही सिस्टिम अणुपदार्थांच्या नोंदींची होती. युरेनियमसारखा पदार्थ गुपचूप शस्त्रांकडे वळू नये, म्हणून तो कुठून आला, कुठे गेला हे आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना कळवावं लागतं.

गेटमधून जाणाऱ्या कंटेनरमध्ये किरणोत्सर्ग आढळला की अलार्म वाजतो. बहुतेकदा टाइल्स नाहीतर खत निघतं. त्यांत तो थोडा असतोच. अलार्म कशामुळे वाजला, ते कारण ऑपरेटरने स्क्रीनवरच्या यादीतून निवडायचं. दमयंतीताईंची शेती बंदरात गेली, त्याबदल्यात ही नोकरी. नऊ वर्षं त्या हेच बघत होत्या.

"कवा कवा किरणांचा ग्राफ वेगलाच येतो," त्या म्हणाल्या. "तवा काय खोटं लिवू?"

मी लिहून घेतलं. मीटिंगमध्ये माझ्या मॅनेजरने ते खोडलं.

"निरीक्षकांना 'माहीत नाही' दाखवणार? क्लायंटची अब्रू जाईल."

"पण सर, खरंच माहीत नसलं तर?"

"ट्रेनिंग द्या. साइन-ऑफ आज हवाय."

मी फायनल डॉक्युमेंटवर सही केली.

सिस्टिम सुरू झाली. कारण निवडल्याशिवाय एन्ट्री सेव्ह होत नव्हती. एका दुपारी भंगाराच्या कंटेनरवर अलार्म वाजला. मागे ट्रकची रांग लागली. ग्राफ विचित्र आहे, असं ताईंनी शिफ्ट इन्चार्जला सांगितलं. तो म्हणाला, "कायतरी टाक आणि सोड." त्यांनी 'टाइल्स' टाकलं.

काही महिन्यांनी त्या भंगारात वेल्डिंग तपासायच्या जुन्या कॅमेऱ्याचं आवरण सापडलं. किरण अडवण्यासाठी ते युरेनियमचं केलेलं असतं. इजा कुणाला झाली नाही. पण देशात आलेल्या युरेनियमची नोंद नव्हती. निरीक्षकांनी विचारणा केली आणि चौकशी ताईंच्या लॉगिनपाशी येऊन थांबली.

ताईंचं म्हणणं लिहून घेतलेलं माझं टिपण घेऊन मी चौकशी समितीपुढे गेलो.

"फायनल डॉक्युमेंटमध्ये हे आहे?"

"नाही."

"त्यावर सही कुणाची?"

"माझी."

टिपण मला परत दिलं. ताईंना नोकरीवरून काढलं. इन्चार्ज आहे तिथेच आहे.

मी त्यांच्या घरी गेलो. त्या ओटीवरूनच बोलल्या, "तुमी इचारलंव, मी सांगितलं. मंग लिवलं का नाय?"



पुढच्या व्हर्जनमध्ये 'कारण अज्ञात' आलं. मॅनेजरने ती आपली सुधारणा म्हणून प्रेझेंटेशनमध्ये दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

वापरणाऱ्याला विचारणं कुणालाही जमतं. पगार मिळतो तो त्याचं म्हणणं सहीपर्यंत टिकवण्याचा. मी तो फुकट घेतला.