बिनकराचा स्टोव्ह

सत्तरच्या दशकात आम्ही साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पेन्शन बेताची, पण त्यांच्याकडे मिलिटरी कँटीनचं कार्ड होतं. तिथं साबणापासून स्टोव्हपर्यंत सगळं विक्रीकराशिवाय मिळे. गल्लीतला जो तो "आमच्यासाठीबी आणा की" म्हणे, आणि आबा त्याच्याकडे चोर बघावा तसे बघत. "न्हेऊन बाजारात इकशीला," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मला ते पटायचं. संशयाच्या बाबतीत मी त्यांचीच मुलगी.

शेजारच्या खोलीत माणदेशातली एक मावशी एकटीच राहायची. रस्त्याच्या कामावर खडी फोडून तिची बोटं वाकडी झाली होती. हातोडा धरवत नव्हता. स्टँडबाहेर चहा विकायचा एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"आबा, येक स्टोव आणून द्या. पैसं आत्ताच घ्या," ती म्हणाली.

"इकणार न्हाईस कशावरनं?"

"आवं, इकला तर च्या कशावर करू?"

आबांनी मान हलवली नाही ती नाहीच. शेवटी तिच्यासोबत मी पेठेतल्या दुकानात गेले. दुकानदारानं किंमत सांगितली, वर विक्रीकर लावला. मी बिल मागितलं, तर म्हणाला, "बिलबुक संपलंय." कर घ्यायला मात्र बुक लागत नव्हतं. तो कर गल्ल्यातच राहणार, याची मला खात्री होती. मावशीनं चहा-साखरेसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घातले. चहा लांबला. ती परत खडीवर.

येताना मला फार राग आला. तो कर सरकारला पोचला असता, तरी काय? ऊसवाला बागायतदारही त्या स्टोव्हवर तेवढाच कर भरणार आणि ही खडी फोडणारीही तेवढाच. सगळ्यांना सारखा म्हणजे न्याय, असं आम्हाला शाळेत शिकवलेलं. मला ती शुद्ध लबाडी वाटली.

पुढच्या आठवड्यात आबांनी मला कागद देऊन एका हेडक्लार्कच्या घरी पाठवलं. पेन्शनवाढीचं प्रकरण त्याच्या टेबलावर अडकलं होतं. त्याच्या बायकोनं नव्याकोऱ्या स्टोव्हवर चहा ठेवला.

"तुझ्या आबांनीच कँटीनमधून आणून दिला," ती कौतुकानं म्हणाली. "दुकानात उगीच कर कोण भरतंय!"

मी चहा प्यायले. घरी येऊन आबांना विचारलं, तर ते भिंतीकडे बघत म्हणाले, "त्येच्या हातात आपला कागद हाय. मावशीला बोलू नगंस."

मी बोलले नाही. कागद सुटला, पेन्शन वाढली. संध्याकाळी मावशी खडीवरून यायच्या वेळेला मी आमचं दार आतून लावून घ्यायची.