फारुखचाचांचा दरसालचा राजीनामा

फारुखचाचा मुकादम दरवर्षी राजीनामा देत, आणि दरवर्षी तो परत घेत. बोरखाडीच्या बहारीनमधल्या जमातीत हा रिवाजच पडून गेला होता.

जमात म्हणजे रत्नागिरीकडच्या एका गावची, पोटासाठी इथं येऊन राहिलेली माणसं. हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी सगळ्यांनी मिळून बुदैयाला एखादी बाग भाड्यानं घ्यायची. पोरं पाण्यात डुंबणार, बाया पडद्यापलीकडे गप्पा हाणणार, आणि पुरुषांची सभा भरणार. सभेच्या शेवटी चाचा उठत. चष्मा काढत, रुमालानं पुसत आणि म्हणत, "आता पुरे झाला. माजे खांदे दुखतात. कोणी जवान बघा." एवढं म्हणून झालं की पहिल्या रांगेतला यासीन फणसेकर ताडकन उठायचा. "नाय होनार! फारुखभाय नाय तर जमात नाय!" मग सगळे गलका करायचे आणि चाचा मान खाली घालून म्हणायचे, "जशी जमातीची मर्जी."

हे चोवीस वर्षं चाललं होतं.

बाकी सहा दिवस चाचांना कोण विचारतो? मनामात नळ, तोट्या, कमोड विकणाऱ्या दुकानात ते कारकून. मालकाचा पोरगा, मिसरूडही नीट न फुटलेला, आतून हाक मारायचा, "फारुख! यल्ला, चाय!" आणि साठीला टेकलेले चाचा उठायचे. पण शुक्रवारी ते सदर, जमातीचे अध्यक्ष. कोणाला मयतीला खांदा द्यायचा, कोणाला सभेत बोलू द्यायचं, कोणाच्या घरी जमातीनं जेवायला जायचं, सगळे ठराव त्यांच्या तोंडून निघायचे. त्या एका दिवसावर ते उरलेले सहा दिवस काढायचे.

हूरा भागातल्या न्हाव्याकडे, अन्सारकडे, टीव्ही चालू असायचा. एकदा त्यावर कोणी अमेरिकन सिनेटर दाखवला. ऐंशी पार केलेला, एकाच खुर्चीत चाळीस वर्षं काढलेला. दोघं त्याला बगलेत धरून आत नेत होते.

"बघ," चाचा फेसानं माखलेल्या तोंडानं म्हणाले, "त्याला कोण म्हनतो काय, उतर?"

"चाचा, त्याला मतं तरी मागायला लागतात. तुमचा बरा हाय."

चाचा हसले. त्यांना ही तारीफ वाटली.

गेल्या साली यासीनच्या मुलीनं, नाझिशनं, केरळच्या पोराशी लग्न ठरवलं. मुलगा मुसलमान, नोकरीला चांगला, नाव ठेवायला जागा नाही. पण चाचांचाच जुना ठराव होता: जमातीबाहेर लग्न केलं तर जमात निकाहला जाणार नाही. यासीन घरी आला. माहूजमधल्या चाचांच्या दोन खोल्यांत त्यांच्यासमोर उभा राहिला.

"फारुखभाय, एकदा डोळे झाक. माजी एकच पोरगी हाय."

"तुज्यासाठी झाकले तर उद्या सगळ्यांसाठी झाकावे लागतील. कायदा म्हंजे कायदा."

नुसतं नाही म्हणून चाचा थांबले नाहीत. भर सभेत त्यांनी पोरीचं नाव घेऊन बंदी वाचली. वाचताना आवाज जरा चढवलाच; ठराव वाचताना त्यांचा आवाज छान लागायचा. निकाहला बोरखाडीचं कुत्रंही गेलं नाही. यासीन मात्र दुसऱ्या शुक्रवारी नेहमीसारखा गाडी घेऊन दारात हजर. चाचांना गाडी येत नव्हती. चाचांना वाटलं, मिटलं.

यंदा बागेत जायला निघताना आबिदाचाची म्हणाल्या, "ओ, ऐकलाव काय? यंदा तो खांद्यांचा नाटक करू नका."

"का?"

"यासीनभायचा तोंड बघितलाव कधी? वरसभर हसला नाय तो."

"तो माजा मानूस हाय."

"होता," चाची म्हणाल्या आणि बुरखा सारखा करू लागल्या.

सभा झाली. चाचा उठले, चष्मा काढला, पुसला. "आता पुरे झाला. माजे खांदे दुखतात. कोणी जवान बघा."

यासीन बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली, तरी वाकलेलाच राहिला.

बागेत पोरांचा पाण्यातला दंगा तेवढा ऐकू येत होता. चाचांनी चष्मा पुन्हा पुसला. "म्हंजे... जमातीचा आग्रहच असला तर..."

मागच्या रांगेतून अर्शद उठला. बँकेत लागलेला, तिशीतला पोरगा. "चाचा, आग्रह कसला? तुमचा शब्द आजवर कोणी मोडलाय काय? आज तरी कसा मोडायचा?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग हशा पिकला.

"मंजूर?"

"मंजूर!" असा गजर चाचांच्या नावानं कधी झाला नव्हता.

"चाचांना खुर्ची द्या रे," मागून आवाज आला, "खांदे दुखतात त्यांचे!"

खुर्ची आली. प्लास्टिकची, तिसऱ्या रांगेत. पडद्यापलीकडे बायाही हसत होत्या. त्यात आबिदाचा आवाज आहे का, हे ऐकायला चाचांनी कान दिला आणि मग घाईनं काढून घेतला.

अर्शद सदर झाला. बसल्या बसल्या त्यानं पहिला ठराव मांडला: नाझिशवरची बंदी उठवावी, आणि जमातीबाहेरच्या लग्नाचा तो कायदाच खलास करावा. भराभर हात वर गेले. मग हळूहळू सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. नुसते बघत राहिले, बोकडाकडे बघावं तसे.

चाचांचा हात वर गेला.

आता यासीन उठला. चाचांच्या कानाशी वाकून, प्रेमानं बोलावं तसं बोलला. "आता उचललास? दोन देगा बिर्याणी उरली रे माज्या पोरीच्या निकाहात. लेबर क्यांपात नेऊन वाटली मी. ती नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. म्हनते, बोरखाडीचा नाव माज्यासमोर काढू नका. आता तुज्या हाताचा काय करू, लोणचा घालू?"

"यासीन, मी सदर होतो रे. मना तसा करावा लागला."

"व्हय. आनी मी मानूस होतो."

देगेवरचं झाकण काढलं. पहिलं ताट सदरांना, हा रिवाज. वाढप्या ताट घेऊन सवयीनं चाचांकडे निघाला, अर्ध्यात थबकला आणि वळला. चाचांचे दोन्ही हात पुढे झालेले सगळ्यांनी पाहिले. त्यांनी ते मांडीवर आणले, पँटवरची न पडलेली शितं झटकली.

त्यांचं ताट शेवटी आलं. तळची खरपुडी आणि एक मानेचा तुकडा. पण मेली भूक लाज बघत नाही. चाचा खाली मान घालून जेवले, बोटं चाटली, आणि कोणी बघत नाहीसं पाहून पुन्हा वाढून घ्यायला रांगेत उभे राहिले.