दौंडला इंजिन फिरेपर्यंत

रांजणगावच्या कंपनीत मी तेव्हा शिफ्टमध्ये होतो आणि शिरूरला खोली करून राहत होतो. आठवडा बदलला की शिफ्ट बदलायची, त्यामुळे शरीराला दिवस कुठला नि रात्र कुठली हे कळेनासं झालं होतं. जेवताना झोप यायची, झोपलं की भूक लागायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायको म्हणायची, तुमच्यापेक्षा ती कंपनीची बसच मला जास्त दिसते.

माझी चैन एकच, स्टँडजवळचं सायबर कॅफे. इंटरनेटवर पक्षी बघणाऱ्या मराठी लोकांची एक कम्युनिटी होती, तिथं मी सुट्टीच्या दिवशी तासभर लिहायचो. आमचे आजोबा मेंढरं राखायचे, त्यामुळे माळावरचे पक्षी मला पुस्तकाशिवाय ठाऊक होते. चंडोल कुठं बसतो, टिटवी अंडी कुठं घालते, हे मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून सांगायचो आणि पुण्याचे, दुबईचे शिकलेले लोक मला 'सर' म्हणायचे. कंपनीत मला नावानंही कोणी हाक मारत नव्हतं, टोकन नंबर होता. खरं सांगायचं तर मी त्या 'सर'वर जगत होतो.

तिथं स्वतःचा फोटो कोणी लावत नसे. सगळ्यांचे फोटो पक्ष्यांचे. माझी टिटवी. नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांचा खंड्या. त्यांना सगळे ताई म्हणत. मी लिहिलेली ओळ न् ओळ वाचून पुढचं विचारणाऱ्या त्या एकट्याच. एकदा त्यांनी लिहिलं, पुण्याला लेकीकडे आले आहे, परतीची गाडी दौंडवरून आहे, भेटतोस का?

पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी त्या काळी दौंडला आली की तिचं इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावत आणि गाडी उलटी फिरून पुढं जाई. त्यात वीस-पंचवीस मिनिटं जात. गावातले लोक तेवढ्यात गाडीतल्या पाहुण्याला जेवणाचा डबा नेऊन देत, ख्यालीखुशाली विचारत, एखादी सोयरीकसुद्धा उभ्याउभ्या काढत. मीही लिहिलं, ताई, डबा घेऊन येतो, कंपनीचा निळा शर्ट घालून तुमच्या बोगीसमोर उभा राहीन. माझ्याकडे मोबाइल नव्हता. ओळख पटवायला तो शर्टच.

गाडी दुपारी एकला होती. नेमका आदल्या दिवशी माझ्या जागी येणारा माणूस आलाच नाही आणि मला सलग दोन शिफ्टा काढाव्या लागल्या. सकाळी आठला घरी आलो. बायकोनं बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करायला घेतली होती. दहाला उठव म्हटलं आणि आडवा झालो.

स्वप्नात दौंडचा प्लॅटफॉर्म होता. कम्युनिटीतले सगळेच गाडीतून उतरले होते. अंगावर साड्या, सफारी, जीन्स, आणि मानेवर आपापल्या पक्ष्याचं डोकं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुबईवाला बगळा बाटलीत चोच घालून पाणी पीत होता. मी नमस्कार करायला गेलो तर तोंडातून नुसतं टिव टिव निघालं. कोणी हसलं नाही. ताईंनी खंड्याची ती लांब चोच कलती करून माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून सतरंजी काढून अंथरली. मग एकेक करून सगळे आडवे झाले. इंजिन सुटून गेलं होतं, ते परत जोडायला कोणी येत नव्हतं, आणि कोणाला घाईही नव्हती. मीही त्यांच्यात लवंडलो आणि झोपलो. लोक स्वप्नात उडतात, राजे होतात, मी स्वप्नातही झोपलो. पण तशी झोप मला त्याआधी कधी लागली नव्हती, आणि नंतरही नाही.

जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते. दोन मिनिटं मी समाधानात पडून राहिलो, भेट झाली म्हणून. मग ओट्यावर फडक्यात बांधलेला डबा दिसला.

मी बायकोवर ओरडलो. नको ते बोललो. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "दोन हाका मारल्या की. पण तोंड बघितलं तुमचं आन् पुढं उठवायला जीवच झाला न्हाई. किती दमलाय तुम्ही."

तुला काय कळतंय त्यातलं, असं म्हणून मी डबा तसाच ठेवून बाहेर पडलो. चार दिवस तिच्याशी बोललो नाही.

सुट्टीच्या दिवशी माफीचा मजकूर मनात जुळवत कॅफेत गेलो. ताईंनी आधीच सगळ्यांसाठी लिहून ठेवलं होतं. 'आपल्या टिटवीला भेटले. निळ्या शर्टात बोगीसमोर उभा होता. फार लाजरा. मीच बोलत होते, तो नुसता व्हय व्हय करत होता. डिंकाचे लाडू दिले, ते घेऊन गाडी हलेपर्यंत थांबला.' खाली सगळ्यांची अभिनंदनं.

दौंडसारख्या गावात निळ्या शर्टांना काय तोटा! कोण होता कुणास ठाऊक. मला आधी हसू आलं, मग त्या माणसाचा हेवा वाटला, लाडवांचा नाही, त्या पंचवीस मिनिटांचा. ताईंचा मला एकट्याला वेगळा निरोपही होता. 'सगळ्यांसमोर लिहिलं नाही, पण तू फार दमलेला दिसलास रे. झोप घेत जा.'

हे कोणीतरी आपल्याला म्हणावं म्हणून मी किती दिवस आसुसलो होतो, ते मला वाचताना कळलं. डोळे भरून आले. आणि ते भरलेले असतानाच लक्षात आलं, की ताईंनी हे एका परक्या माणसाचं तोंड बघून लिहिलंय. माझं तोंड बघून हेच जी म्हणाली होती, तिच्याशी मी चार दिवस अबोला धरून बसलोय.

ताईंना खरं सांगायचं धाडस झालं नाही. 'हो ताई' एवढंच लिहिलं आणि तास संपायच्या आत उठलो.

घरी बायको तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो. माझं चुकलं, एवढंच म्हणून झालं. तिनं ताटातून नजर वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आधी झोपा. उठल्यावर बोलू."